टिलरचा कौल

“प्लॅस्टिक काढू नकात हां, बाईनू!”

दाजी परब असे ओरडले की मी पंपावरचा हात झटकन मागे घेतला.

“अहो दाजी, फोटो काढायचाय. आत पंप आहे की भोपळा, हे आमच्या साहेबांना कसं कळायचं?”

“पंपच आसा. मी सांगतंय मा? मी बाजूक उभो ऱ्हवतंय, तुमी काढा.”

त्यांनी टोपी सारखी केली, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या त्या फवारणी पंपावर असा हात ठेवला, जणू घरी आलेला जावईच. मी फोटो काढला. लाभार्थी दिसत होता, पंपाच्या जागी एक चकाकणारं गाठोडं दिसत होतं. साहेब काय म्हणतील ते म्हणतील, असं मनात म्हणून मी कॅमेरा पिशवीत टाकला.

मी तेव्हा धामशेतला कृषी सहायक होते. मूळची मिरजेकडची, नोकरी लागली ती थेट कोकणात. पहिले काही महिने लोक काय बोलतात तेच कळायचं नाही. नुसती मान हलवायची. त्या मान हलवण्यापायी एकदा एका लग्नात पन्नास माणसांच्या जेवणाला मदत करायचं कबूल करून बसले होते. पण गाव मायेचं. मला ‘कृषी बाई’ म्हणायचे, आणि घरी गेलं की कोकम सरबत दिल्याशिवाय सोडायचे नाहीत.

दाजींचा मांगर म्हणजे घरामागचं शेतीचं सामान ठेवायचं खोपट. इतरांच्या मांगरात नांगर, जुनी टोपली आणि उंदीर असतात. दाजींच्या मांगरात सरकारी योजनांचं प्रदर्शन मांडलेलं होतं. कडबाकुट्टी, तुषार सिंचनाचे पाइप, भात कापायचं यंत्र, तण काढायचं यंत्र, धान्याची कोठी आणि आता हा पंप. सगळं अनुदानावर घेतलेलं, सगळं कंपनीच्या प्लॅस्टिकमध्ये जसंच्या तसं. दर सोमवारी दाजी स्वतः फडक्यानं त्यावरची धूळ पुसत. कुणी उसनं मागायला आलं तर म्हणत, “प्लॅस्टिक फाटात रे,” आणि चहा पाजून परत पाठवत.

गाव त्यांची थट्टा करायचं, पण त्यात विखार नव्हता. कारण योजना त्यांच्याकडे का जातात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. धामशेतात कुणाचाही सातबारा काढा, पणजोबाच्या पोरांपासून नावं सुरू व्हायची आणि संपतच नसत. निम्मे मुंबईला, काही बडोद्याला, एक-दोघं कुठे आहेत ते देवच जाणे. एवढ्यांच्या सह्या आणायच्या कुणी? दाजी मात्र एकुलत्या एका बापाचे एकुलते एक. सातबाऱ्यावर एकच नाव. त्यात कागदांची एक रेक्झिनची पिशवी त्यांनी अशी सांभाळलेली की आमच्या ऑफिसात काही सापडेनासं झालं की लोक दाजींकडून झेरॉक्स मागून नेत. मार्च उजाडला आणि उद्दिष्ट शिल्लक राहिलं की साहेबांचा निरोप ठरलेला, “त्या परबांना विचारा.” परब कधी नाही म्हणत नसत.

त्यांची भाताची शेतं मात्र बरीच वर्षं पड होती. नुसतं गवत आणि करवंदीची जाळी. जमीन पिकते की पड आहे, हे आमच्या अर्जात कुणी विचारत नव्हतं.

“आणि तो टिलर?” सरबताचा पेला माझ्या हातात देत दाजींनी विचारलं. “गावाक एक पॉवर टिलर येतलो म्हणतत. अर्ज हाडलात काय?”

“आणलेत. पण गावाला एकच आहे. ग्रामसभेनं एक नाव सुचवायचंय.”

“मगे कसली काळजी,” दाजी समाधानानं म्हणाले. “कागद माझेच तयार आसत.”

तेही खरंच होतं.

दाजींकडून परत निघाले तर वाटेत देवीचं शेत लागतं. पावणाई ही गावची देवी, आणि तिच्या नावावर देवळापाशी बऱ्यापैकी भातजमीन आहे. सातबाऱ्यावर मालक म्हणून सरळ लिहिलंय, श्री देवी पावणाई. ती जमीन सत्यवती घाडी करत असे. पिकातला वाटा देवळाच्या दिव्याला आणि जत्रेच्या जेवणाला, उरलेलं तिचं. नवरा गोव्याला हॉटेलात आचारी, गणपतीला येणारा. घरी सासू आणि ती. आणखी चार घरांची शेतंही ती अर्ध्या वाट्यानं करायची. गावात भात लावणारी जी थोडी माणसं उरली होती, त्यात सत्यवतीचा नंबर पहिला लावावा लागेल.

त्या दिवशी ती भर उन्हात कुदळीनं ढेकळं फोडत होती.

“अगं सत्यावैनी, हे काय? बैल कुठे गेले?”

“एक गणपतीआधी मेलो,” ती कपाळावरचा घाम पुसत म्हणाली. “दुसरो एकटो काय नांगर ओढतलो? विकलंय. नवे घेवक पैसे खंयसून हाडू?”

“म्हणून एवढं सगळं शेत कुदळीनं खणणार?”

“खणूकच होया. देवीची जमीन एक साल जरी पड ऱ्हवली, तर दुसऱ्याक देतत. तशी रीतच आसा. माझ्या सासऱ्यान कधी पड ठेवल्यान नाय, घोवान ठेवल्यान नाय, आता मीच ठेवू?” ती हसली, पण ते हसणं तिला नीट जमलं नाही. “ही गेली तर बाकीच्यांचीही जातली. अर्ध्या वाट्यान देणारे म्हणतले, बैल नाय, काय नाय, हिच्याकडे कशाक देवची?”

मी बांधावर बसले. तिने मडक्यातलं पाणी दिलं. पाणी पिता पिता माझ्या डोक्यात आलं की बैलांशिवाय नांगरणारा तो टिलर जर कुणाला हवा असेल तर तो हिला हवा आहे. अख्ख्या गावात तो वापरेल अशी हीच एक बाई. आणि अख्ख्या गावात जिला तो मिळू शकत नाही अशीही हीच, कारण हिच्या नावावर तसूभर जमीन नाही.

रात्री खोलीवर योजनेचं परिपत्रक पुन्हा वाचलं. आमची परिपत्रकं कुणी पूर्ण वाचत नाही, आम्हीसुद्धा. शेवटच्या पानावर होतं, की जमीनमालकाची लेखी संमती असेल तर प्रत्यक्ष जमीन करणाऱ्यालाही अर्ज करता येईल. सकाळी मी उड्या मारत सत्यवतीच्या अंगणात.

“मालकाची संमती पाहिजे, वैनी! फक्त संमती!”

“मालक म्हणजे?”

“म्हणजे…” मी थांबले. “देवी.”

दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि मग हसायला लागलो. आतून सासूनं विचारलं, “काय झाला गो?” तर आम्हाला सांगताही येईना.

पण त्यात मार्ग होता. देवीच्या वतीनं सह्या करायचा मान गावच्या बारा-पाचाच्या मानकऱ्यांचा. म्हणजे देवस्थानची कामं बघणारी मानाची घरं. अनुदान सोडून टिलरचे उरलेले पैसे बायकांचा बचत गट उचलून देणार होता, तेही ठरलं. मानकऱ्यांच्या सह्या झाल्या की काम फत्ते. अडचण एकच, मानकऱ्यांत पहिला मान परबांचा. दाजींनी सही केल्याशिवाय बाकीचे पेनाचं टोपण काढत नसत. आणि दाजींचा स्वतःचा अर्ज ऑफिसात पडलेला होता.

शिमगा झाल्यावर ग्रामसभा भरली. मी उभी राहून सगळं समजावलं. सत्यवती बायकांच्या घोळक्यात खाली मान घालून बसली होती. माझं झाल्यावर बसल्या जागी चुळबुळ सुरू झाली. सगळे दाजींकडे बघत होते.

“बाईनू,” दाजी सावकाश उठले, “तुमचा सगळा बरोबर. पण जमीन देवीची. तिची संमती आमी कशी देवची? तिका इचारूक नको?”

“म्हणजे?”

“कौल लावूक होयो.”

“कौल!” सगळी सभा एकदम म्हणाली. इतका वेळ अवघडून बसलेली माणसं अशी मोकळी झाली की बघत राहावं. अरे हो, देवीला विचारलंच पाहिजे! एवढी साधी गोष्ट कुणाच्या लक्षात कशी आली नाही?

मी कपाळाला हात लावला. “अहो दाजी, सरकार कौलावर चालत नाही!”

“सरकार नाय चालत,” दाजी म्हणाले, “पण गाव चालता.”

मी कागद पिशवीत भरले. परत निघताना सत्यवती म्हणाली, “बाईनू, दाजी लबाड नाय हां. देवीक इचारूचा म्हणालो, ता मनापासून म्हणालो.”

“पण टिलर त्यांनाच पाहिजे ना?”

“पाहिजेच. म्हणानच ते इचारतले. तेंका भीती वाटता, देवीच्या मनात नसताना आपण घेतला तर?”

दाजींबद्दल मनात राग धरून बसले होते, तो अर्ध्यावर आला. आणि तिचंही नवल वाटलं. ज्या माणसापायी तिचा टिलर अडला होता, त्याची बाजू ती मला समजावत होती.

सोमवारी सकाळी सगळं गाव देवळात. पावणाईची मूर्ती काळ्या पाषाणाची, गुडघ्याएवढी, मोठाल्या डोळ्यांची. गुरव म्हणजे मोरू गुरव, वाळलेली काडी, एका नाकपुडीत कायम तपकीर. बाहेर तो दाजींना वाकून नमस्कार करायचा, पण देवळाच्या आत मान त्याचा. आत तो सगळ्यांना अरे-तुरे करी आणि कुणी ब्र काढत नसे. मला बाहेरचीला सगळं नवं, म्हणून त्यानं आधीच समजावून ठेवलं होतं. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली करून एकेक पाकळी लावायची. प्रश्न विचारायचा. देवीच्या उजव्या खांद्यावरची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार.

“आणि कुठलीच पडली नाही तर?”

“तर प्रश्नात कायतरी चुकता, म्हणान समजूचा.”

पाकळ्या लागल्या. प्रश्न विचारायचा मान अर्थातच दाजींचा. ते हात जोडून पुढे झाले, घसा खाकरला आणि गाऱ्हाणं घालायला लागले.

“बाय पावणाई आवशी, आज तुझ्या दारात तुझी सगळी लेकरां जमा झाली आसत!”

“व्हय म्हाराजा!” गाव गरजलं.

“सरकारान गावाक एक यंत्र देवचा ठरवल्यान आसा!”

“व्हय म्हाराजा!”

“आता यंत्राचा काम म्हटला की जोखमीचा. बायल माणसाच्या हातात ता दिला, पलटी झाला, हातपाय मोडले, तर बोल गावार येयत. तवा यंत्र जाणत्या माणसाच्या मांगरात ऱ्हवाचा, असा तुझ्या मनात आसा काय?”

यावेळचं “व्हय म्हाराजा” बरंच बारीक आलं. बायकांकडून तर आलंच नाही.

पाकळ्या जागच्या जागी. आम्ही वाट बघितली. समईची वात तडतडली. कुणीतरी खोकलं. पाकळ्या काही हलल्या नाहीत.

मोरू गुरवानं तपकीर ओढली. “दाजी, देवी बोलूक नाय. पेच घालून इचारतंस. जाणतो माणूस म्हणजे कोण?”

“म्हणजे… असा कोणतरी.”

“मांगर कोणाचो?”

मागे खसखस पिकली. दाजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“माझो.”

“मगे तसा सांग. देवीक काय मांगर ठावक नाय?”

दाजींनी पुन्हा हात जोडले. “आवशी, टिलर माझ्या मांगरात ऱ्हवलो तर गावाचा बरा होयत काय?”

पाकळ्या तशाच. उन्हं गाभाऱ्याच्या पायरीपर्यंत आली. एक म्हातारा भिंतीला टेकून पेंगायला लागला. मी मनातल्या मनात पावणाईला म्हटलं, बाई गं, तूही ऑफिससारखीच निघालीस की. मग लगेच जीभ चावली.

“रे दाजी,” मोरू यावेळी खालच्या आवाजात बोलला, “तुझ्या मांगरात काय काय आसा ता तिका दिसता. एक तरी वापरलंस? मगे हो टिलर तुका कित्याक व्हयो, ता सांग. आवशीकडे लपवतंस कशाक?”

 इतकी वर्षं गाव हसत होतं, पण हा प्रश्न दाजींना तोंडावर कुणी विचारलेला नव्हता. ते मूर्तीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. टोपीशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. एकदम म्हातारे दिसले.

“आवशी,” ते म्हणाले, आणि आता तो गाऱ्हाण्याचा चढा आवाज नव्हता, घरात बोलतात तसा होता. “माझो दिगू तुका ठावक आसा. बारको असताना तुझ्या देवळातली ही घंटा पडली होती, ती तेनाच परत टांगल्यान. यंत्र दिसला की तेका जेवाण सुचायचा नाय. माझा घड्याळ सोडवन परत जोडायचो.”

कुणी “व्हय म्हाराजा” म्हटलं नाही.

“जाताना भांडान गेलो. म्हणालो, बाबा, हय काय आसा? दोन बैल नि एक नांगर. एक तरी यंत्र असता तर ऱ्हवलंय असतंय. तवा पासून मी एक एक घेतंय. कडबाकुट्टी घेतलंय, पत्र लिवलंय. कापणीचा यंत्र घेतलंय, पत्र लिवलंय. प्लॅस्टिक कोणाक काढूक दिलंय नाय. तेना येवन काढूचा. नव्या यंत्राचो वास तेका आवडता.” त्यांनी टोपी दोन्ही हातांत घट्ट धरली. “तो भांडुपाक लिफ्टी दुरुस्त करता. दरवर्सा लिवता, पुढच्या वर्सा बघू. आता टिलरापेक्षा मोठा यंत्र माका मिळूचा नाय. हो शेवटचो. आवशी, गावाचा बरा-वायट मी इचारणत नाय. टिलर इलो तर माझो झील घराक येयत काय, इतक्याच सांग.”

 सत्यवती कडेला खांबाला धरून उभी होती, तिनं पदर तोंडावर घेतला. या माणसाच्या मांगरातल्या त्या गाठोड्यांचे मी इतके फोटो काढले होते, साहेबांबरोबर बसून त्यावर हसलेही होते, आणि त्यात काय बांधलेलं आहे ते मला कधी कळलं नव्हतं. त्या घटकेला मला मनापासून वाटलं की टिलर दाजींनाच मिळू दे, उजवी पाकळी पडू दे, आणि तो भांडुपचा पोरगा पहिल्या गाडीनं घरी येऊ दे. सत्यवतीचं मी दुसरं काहीतरी बघेन.

डावी पाकळी सुटली. देवीच्या खांद्यावरून घसरली, हातावर क्षणभर थांबली आणि खाली पडली.

 दाजी पाकळीकडे बघत होते. मोरू गुरवानंसुद्धा तोंड फिरवलं. मग दाजींनी टोपी डोक्यावर ठेवली, नेहमीसारखी सारखी केली आणि माझ्याकडे वळले.

“बाईनू, हाडा तो कागद.”

“दाजी, राहू दे आज. उद्या बघू.”

“हाडा म्हणतंय मा.”

त्यांनी देवळाच्या पायरीवर बसून सही केली. अगदी पूर्ण केली, खालच्या रेघेसकट. मग बाकीचे मानकरी एकेक करून पुढे आले. त्यातल्या मधू सावंतांना राहवेना. “पण सत्यावैनीचो कौल घेवक नाय अजून,” ते म्हणाले.

“एका दिसात आवशीक कितीदा बोलवशात?” मोरू करवादला. “दाजीन सही केल्यान. तुझो कौल तोच.”

सत्यवती टिलर मिळाला म्हणून काही आनंदात नव्हती. ती दाजींच्या पायाशी वाकली, तर दाजी “ऱ्हव गो, ऱ्हव,” म्हणाले आणि कुणाकडे न बघता देवळाबाहेर पडले. नंतर एकदा मी मोरूला गाठून विचारलंच, की पाकळी पाण्याने चिकटते आणि वाळली की पडते, एवढंच ना? तो म्हणाला, “होय तर. पण खंयची आधी सुकात, ता माझ्या हातात नाय.” वर मलाच तपकीर पुढे केली.

त्यानंतर दाजी फारसे दिसेनात. मांगराला कुलूप असायचं. सोमवारची धूळ पुसणंही बंद झालं, असं त्यांच्या शेजारणीनं सांगितलं. कागद घेऊन मी दोनदा गेले तर अंगणातूनच, “बरा आसा, बरा आसा,” म्हणाले आणि सरबत विचारायचंसुद्धा विसरले. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

वैशाखात टिलर आला. टेम्पोतून उतरवला तसा गावातल्या बायकांनी त्याला हळदकुंकू लावलं, हार घातला, एकीने तर त्याच्या हँडलला काकणं बांधली. कंपनीचा माणूस दोन दिवस राहून शिकवून गेला. सत्यवती पहिल्या दिवशी घाबरली, दुसऱ्या दिवशी त्या माणसालाच सांगायला लागली की क्लच जरा सैल आहे.

नांगरट सुरू करायच्या सकाळी गाव पुन्हा जमलं. देवीच्या शेताच्या बांधावर मोरू नारळ घेऊन उभा. सत्यवतीनं साडीचा काचा मारला, नारळ फोडला, हँडल धरलं आणि देवीच्या शेतात मानाची एक लांब सरळ रेघ ओढली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. तिची सासू खुर्चीत बसवून आणलेली होती, ती ओरडली, “माज्या सुनेक बगा गो!”

दाजीही आले होते. सगळ्यांच्या मागे, एका काजूच्या झाडाखाली.

रेघ संपली तशी सत्यवती परत वळेल म्हणून आम्ही बघत होतो. ती वळली नाही. बांधाच्या खिंडीतून तिनं टिलर बाहेर काढला, पायवाट धरली आणि गुरगुरत निघाली ती थेट दाजींच्या पड जमिनीकडे. आम्ही सगळे मागून. जाळी माजलेल्या त्या शेताच्या तोंडाशी कुंपणाच्या काट्या रचलेल्या होत्या. तिथं तिनं यंत्र बंद केलं.

दाजी धापा टाकत आले. “सत्या, वाट चुकलंस. ही माझी पड.”

“ठावक आसा. आज पयली हीच नांगरूया.”

“कित्याक?” दाजींचा आवाज चढला. “कोण पेरतलो थय? झील येवचो नाय. देवीन सांगल्यान, सगळ्या गावान आयकल्यान. आता जखमेर मीठ चोळूक इलंस?”

“दाजीनू,” सत्यवती म्हणाली, “तुमी देवीक काय इचारलात?”

“तुका ठावक नाय? टिलर इलो तर झील येयत काय.”

“मगे? देवी नाय म्हणाली. टिलरासाठी तो येवचो नाय, इतक्याच तिना सांगल्यान. कडबाकुट्टीसाठी इलो नाय, पंपासाठी इलो नाय, टिलरासाठीही येवचो नाय. पण येवचोच नाय, असा खंय सांगल्यान?”

 दाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग मोरू गुरवाकडे. मोरूनं चिमटीतली तपकीर तशीच धरून क्षणभर विचार केला आणि मान डोलावली.

“सवाल तसोच होतो,” तो म्हणाला.

“आणि इलो तर?” सत्यवती पुढे बोलत होती. आवाज अगदी साधा, जेवायला बसा म्हणावं तसा. “बापाशीची जमीन करवंदीन भरलेली बघीत नि आल्या पावली जायत. शेतात भात दिसला तर निदान जेवान तरी जायत मा?”

दाजींनी पंचाच्या टोकानं डोळे पुसले. लपवून नाही, सगळ्यांसमोर. मग धोतर वर खोचलं, खाली वाकले आणि कुंपणाच्या काट्या ओढून एकेक बाजूला फेकायला लागले. दोघं मदतीला धावले तर त्यांच्यावरच खेकसले, “सरा मागे, माझा मी काढतंय.” हाताला काटे लागून रक्त आलं तरी थांबले नाहीत. वाट मोकळी झाली तशी सत्यवतीनं यंत्र चालू केलं आणि आत घातलं.

“थय नको, थय नको!” दाजी तिच्या पुढे धावत ओरडले. “त्या कोपऱ्यात झरो आसा, चाक रुतात. माझो दिगू बारको असताना थयच रुतलेलो.”